मुंबईच्या किनाऱ्यावरचं शेवाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मी विद्यार्थ्यांना घेऊन वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर उतरते. फिरायला आलेली माणसं थांबून विचारतात, "काय शोधताय?" शेवाळ पाहतोय म्हटलं की चेहऱ्यावर आश्चर्य उमटतं, आणि मग प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न आणि माझ्या परीने दिलेली उत्तरं इथे लिहून काढली आहेत.

शेवाळ म्हणजे वनस्पतीच ना?

काही आहेत, काही नाहीत. लोकल ट्रेनच्या एका डब्यात चढलेली माणसं एकाच घरातली नसतात, तसंच शेवाळाचं आहे. पाण्यात किंवा ओलाव्यात वाढणारं, उन्हावर अन्न तयार करणारं, आणि खरं मूळ, खोड, पान, फूल नसलेलं जे जे दिसलं त्या सगळ्याला माणसाने शेवाळ म्हटलं. सोयीचा शब्द आहे, पण नातं सांगणारा नाही.

नातं पाहायचं तर हिरवी शैवालं झाडांच्या सगळ्यात जवळची. दोघांत हरितद्रव्याचे तेच दोन प्रकार असतात, 'अ' आणि 'ब', आणि दोघंही पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, हरितलवकाच्या, म्हणजे पेशीतल्या अन्न तयार करणाऱ्या हिरव्या दाण्याच्या, आतच साठवतात. लाल शैवालं ही त्यांची चुलत भावंडं. तपकिरी शैवालं मात्र अगदी वेगळ्या घरातली आहेत, त्यांचं नातं डायटम नावाच्या काचेच्या कवचाच्या सूक्ष्मजीवांशी लागतं. आणि नील-हरित शेवाळ म्हणतो ते तर जिवाणू आहेत. दुकानात 'समुद्री शैवाल' म्हणून विकली जाणारी स्पिरुलिना त्यांतलीच.

जाता जाता एक खुलासा, कारण हाही प्रश्न हमखास येतो. पावसाच्या सुरुवातीला बाजारात येणारी शेवळं, ज्यांची आपण काकडं घालून भाजी करतो, त्यांचा शेवाळाशी काही संबंध नाही. ती सुरणाच्या जातकुळीतली.

हिरवी शैवालं आली कुठून?

एका पेशीने दुसरीला गिळलं आणि पचवलं नाही, तिथून. शंभर कोटी वर्षांहूनही आधी एका पेशीने उन्हावर जगणारा नील-हरित जिवाणू आत घेतला. तो आतच राहिला, वाढला, पुढच्या पिढ्यांबरोबर वाटला गेला, आणि हळूहळू त्याचा हरितलवक झाला. आज आंब्याच्या पानात, गवताच्या पात्यात, खडकावरच्या शेवाळात जो हिरवा दाणा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, तो त्याच पाहुण्याचा वंशज. त्याच्याभोवती दोन पापुद्रे असतात आणि त्याच्यात स्वतःचा थोडा डीएनए अजून शिल्लक आहे. या एका घटनेतून लाल आणि हिरव्या अशा दोन मोठ्या शाखा निघाल्या, आणि ग्लॉकोफाइट नावाची एक छोटी.

तपकिरी शैवालांची गोष्ट याच्या पुढची आहे. त्यांच्या पूर्वजाने जिवाणूऐवजी एक आख्खं लाल शैवालच पोटात घेतलं. म्हणून त्यांच्या हरितलवकाभोवती दोनाऐवजी चार पापुद्रे सापडतात.

पुरावे दगडांत आहेत. उत्तर चीनमध्ये प्रोटेरोक्लॅडस अँटिक्वस नावाच्या हिरव्या शैवालाचे फांद्याफांद्यांचे जीवाश्म मिळाले, वय सुमारे १०० कोटी वर्षं. २०२० मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. आपल्याकडे चित्रकूटच्या परिसरातल्या विंध्य खडकांत १६० कोटी वर्षांपूर्वीचे सूक्ष्म जीवाश्म आहेत. २०१७ मध्ये अभ्यासकांनी ते लाल शैवालांचे असल्याचा अर्थ लावला. तो टिकला, तर बहुपेशीय जगण्याच्या सगळ्यात जुन्या खुणांपैकी काही आपल्याच देशातल्या दगडांत आहेत असं म्हणावं लागेल.

म्हणजे समुद्रातलं शेवाळ जमिनीवर चढलं आणि त्याची झाडं झाली?

हा समज फार पक्का बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. हिरव्या शैवालांच्या दोन मोठ्या शाखा. एकीत समुद्रातली बहुतेक हिरवी शैवालं येतात, हाजी अलीच्या खडकावरचं हिरवं पानही त्यातच. दुसरी शाखा बहुतांशी गोड्या पाण्यातली. जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती या दुसऱ्या शाखेतून निघाल्या, साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वी.

त्यातही आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण, यावर बराच काळ वाद होता. गुंतागुंतीचं शरीर असलेला कारा, हेही गोड्या पाण्यातलं हिरवं शैवालच, जवळचा वाटायचा. जनुकांचा सखोल अभ्यास झाल्यावर कौल लागला तो स्पायरोगायराच्या गटाला. भाताच्या खाचरात, गावच्या डबक्यात हाताला बुळबुळीत लागणारे हिरवे केसासारखे धागे असतात ना, ते. स्पायरोगायरा शाळेत सगळ्यांनी काढलेला असतो, आत फिरकीसारखा हरितलवक दाखवून. त्या आकृतीशेजारी 'भाताचा जवळचा नातेवाईक' असं लिहिलेलं मला कुठल्याही पुस्तकात दिसलं नाही, आणि ते असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

या शोधाच्या वाटेवर एक भारतीय टप्पाही आहे. मद्रासचे एम. ओ. पी. अय्यंगार, ज्यांना भारतीय शैवालशास्त्राचे जनक मानतात, त्यांनी १९३२ मध्ये ओल्या मातीवर वाढणाऱ्या एका हिरव्या शैवालाचं वर्णन केलं, फ्रिट्शिएला. त्याचे काही धागे मातीत शिरतात, काही वर उभे राहतात. झाडांचे पूर्वज असेच असावेत, असं पुढे कित्येक वर्षं शिकवलं गेलं. आज कळतं की ते झाडांच्या शाखेतलं नाही, वर सांगितलेल्या पहिल्या शाखेतलं आहे. जमिनीवर यायचा प्रयत्न हिरव्या शैवालांनी एकदाच केलेला नाही, हे मात्र त्याने दाखवून दिलं.

मुंबईत शेवाळ पाहायला कुठे आणि कधी जावं?

वाळू नको, खडक हवा. गिरगाव चौपाटी किंवा जुहूच्या वाळूत शैवालाला पकडायला काही नसतं. बँडस्टँड, कार्टर रोड, हाजी अली, ब्रीच कँडीचे खडक, मढकडचा खडकाळ भाग, ही त्याची जागा. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बहर चांगला असतो. मग ऊन तापतं आणि ओहोटीत उघडं पडलेलं बरंचसं करपून जातं.

वेळेसाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून चालतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यात सहा तास मिळवा, ती ओहोटी. थोडा फरक पडतो, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रकही पाहावं. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती आणि ओहोटीच्या पातळीत ४ मीटरहून जास्त अंतर पडतं आणि एरवी न दिसणारा खालचा पट्टा उघडा होतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवशी गेलात तर निम्मंच दिसेल.

ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी उतरा आणि पाणी वळलं की परत फिरा. पायात घट्ट पकडीची चप्पल किंवा बूट हवेत. हिरव्यावर पाय ठेवू नका, एक तर तुम्ही घसराल आणि दुसरं म्हणजे ते चिरडेल.

खडकावर कोथिंबिरीच्या पानासारखं पातळ हिरवं दिसतं, ते काय?

उल्वा. मुंबईत सगळ्यात आधी ओळख होते ती हिच्याशी, आणि माझं म्हणाल तर हिच्यावर एक हिवाळा घालवला तरी कमी पडेल.

एक पान बोटावर पसरा आणि उजेडासमोर धरा. बोटाच्या रेषा पलीकडून दिसतात, कारण हे पान फक्त दोन पेशींच्या जाडीचं असतं. शीर नाही, देठ नाही, खाली बशीसारखी छोटीशी पकड. कधी कधी पानाची कडा पांढुरकी, कागदासारखी झालेली दिसते. ती वाळलेली नसते, रिकामी झालेली असते. कडेच्या पेशींमधून हजारो पोहणाऱ्या पेशी बाहेर पडून गेलेल्या असतात आणि मागे नुसत्या भिंती उरतात. बाहेर पडलेल्यांपैकी दोन शेपट्यांच्या त्या युग्मक, त्यांना जोडीदार लागतो. चार शेपट्यांचे ते बीजाणू, ते एकटेच खडकावर बसून नवं पान वाढवतात. दोन्ही प्रकारच्या पेशी देणारी पानं मात्र दिसायला तंतोतंत सारखी, डोळ्यांनी फरक करता येत नाही.

शेजारीच आतड्यासारख्या पोकळ हिरव्या नळ्या दिसतील. त्यांना कित्येक वर्षं एंटेरोमॉर्फा असं वेगळं नाव होतं. २००३ मध्ये डीएनए तपासल्यावर कळलं की पान आणि नळी हे दोन वेगळे वंश नाहीतच. आता दोघी उल्वाच. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये त्यांना एकाच नावाखाली ठेवलं होतं, अडीचशे वर्षांनी त्याचंच म्हणणं खरं ठरलं.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे उल्वाला स्वतःचा आकार एकटीने घडवता येत नाही. प्रयोगशाळेत तिच्यावरचे सगळे जिवाणू काढून टाकले, तर पान बनतच नाही, पेशींचा सैल गोळा वाढत राहतो. ठरावीक जिवाणू परत दिले की पान आकार घेतं. त्यातल्या एका जिवाणूजन्य रसायनाला थॅल्युसिन असं नाव आहे. खडकावर जे हिरवं पान दिसतं ते एका शैवालाचं आणि त्याच्या शेजाऱ्यांचं मिळून केलेलं काम आहे.

लाल आणि तपकिरी शैवालं मुंबईत आहेत का?

आहेत. ग्रॅसिलेरिया आणि हिप्निया ही लाल, पॅडिना आणि सरगॅसम ही तपकिरी. पॅडिना पंख्यासारखी असते, अंगावर चुन्याचे फिकट पट्टे. ती एकदा ओळखली की विसरत नाही. सगळ्या भारताच्या किनाऱ्यावर मिळून समुद्री शैवालांच्या आठशेहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत.

पुस्तकात वाचलेलं असतं की हिरवी वर, तपकिरी मध्ये, लाल खोल. हा नियम ढोबळ आहे. स्वच्छ पाण्यात लाल शैवाल फार खोल जाऊ शकतं, बहामाजवळ २६८ मीटरवर सापडलेलं आहे. मुंबईचं पाणी गाळाने गढूळ, उजेड फार आत जातच नाही. त्यामुळे इथे सगळ्यांची गर्दी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि त्याच्या थोडं खाली होते. केल्पची, म्हणजे उंच वाढणाऱ्या तपकिरी शैवालांची, पाण्याखालची जंगलं इथे का नाहीत, असंही विचारतात. केल्पला थंड पाणी लागतं.

एकाच पेशीचं एवढं मोठं शेवाळ असतं, हे खरं?

खरं. कॉलेर्पा घ्या. आडवा पसरणारा दांडा, वर पिसांसारखी पानं, खाली मुळांसारखे धागे, आणि हे सगळं एकच पेशी. आत हजारो केंद्रकं, पण मध्ये एकही भिंत नाही. तुटली तर जखम पटकन बुजवते आणि तुकड्यातून पुन्हा वाढते. याच गुणामुळे तिची एक जात भूमध्य समुद्रात संकट बनली. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाजवळ तिचा छोटासा ठिपका दिसला होता, पुढे ती हजारो हेक्टरवर पसरली.

दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रिओकॉकस. तेही हिरवं शैवालच, पण मिलिमीटरचा जेमतेम हजारावा भाग. केंद्रक असलेल्या मुक्त जिवांत याहून लहान माहीत नाही.

आणि कॉलेर्पासारख्या मोठ्या एकपेशीय शैवालांना एक खास गिऱ्हाईक आहे. एलिशिया नावाच्या समुद्री गोगलगायी, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही त्यांच्या जाती आहेत. त्या पेशीला भोक पाडून रस ओढतात, बाकीचं पचवतात आणि हरितलवक शाबूत ठेवून अंगात साठवतात. काही जातींत ते आठवडेच्या आठवडे काम करत राहतात. पानासारखी दिसणारी हिरवी गोगलगाय डबक्यात हलताना पाहिली की विद्यार्थी एकदम गप्प होतात.

आमच्या इमारतीच्या भिंतीवर पावसाळ्यात नारिंगी डाग येतात. तो गंज आहे का?

बहुतेक वेळा ते ट्रेंटेपोलिया असतं, आणि ते हिरवं शैवाल आहे. आतलं हरितद्रव्य गाजरासारख्या नारिंगी रंगद्रव्याने झाकलेलं असतं, त्यामुळे कडक उन्हाचा त्रास होत नाही. बोट फिरवून पाहा, मखमलीसारखं लागतं. पश्चिम घाटात झाडांच्या खोडांवर हेच दिसतं. २००१ मध्ये केरळात लाल पाऊस पडला होता, त्या पाण्यातही ट्रेंटेपोलियाचे बीजाणू सापडले. भिंतीवरचे काळे ओघळ मात्र बहुतांशी नील-हरित जिवाणूंचे.

समुद्र रात्री निळा चमकतो, ते शेवाळामुळे?

चमकतो तो नॉक्टिल्युका, तो शैवाल नाही. तो दुसऱ्यांना खाणारा एकपेशीय जीव आहे. पण हिवाळ्यात अरबी समुद्राच्या उत्तर भागात त्याचा जो हिरवा प्रकार प्रचंड वाढतो, त्याच्या पोटात हजारो इवलीशी हिरवी शैवालं जिवंत पोहत असतात आणि त्याला अन्न पुरवतात. शंभर कोटी वर्षांहून आधीच्या त्या गिळण्याची गोष्ट आठवते का? तसाच एक संसार आपल्या समुद्रात आजही मांडलेला आहे.

शेवाळ जास्त वाढलं म्हणजे पाणी घाण झालं, असं समजायचं का?

शेवाळ असणं ही घाण नव्हे, हे आधी सांगते. त्यावर शंख-गोगलगायी चरतात, त्यात खेकड्यांची पिल्लं लपतात, ओहोटीत त्याच्या ओल्या सावलीखाली बारीक जीव तग धरतात.

पण एकट्या उल्वाचंच राज्य झालं, बाकी काही दिसेना, तर कान टवकारावेत. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस उल्वा झपाट्याने शोषते आणि इतरांना मागे टाकते. चीनमध्ये चिंगदाओला २००८ च्या ऑलिंपिकमधल्या शिडाच्या नौकांच्या शर्यती होणार होत्या, आणि त्याच्या तोंडावर समुद्र उल्वाने भरून गेला. १० लाख टनांहून जास्त शेवाळ उपसावं लागलं. ते आलं होतं दक्षिणेकडच्या नोरीच्या, म्हणजे खायच्या एका शैवालाच्या, शेतांतल्या तराफ्यांवरून. अशी रास किनाऱ्यावर सडली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सडक्या अंड्यासारखा विषारी वायू सुटतो.

तळ्यातही तेच. हिरवं झालेलं पाणी दिवसा प्राणवायू देतं, पण रात्री तेच शैवाल प्राणवायू वापरतं. पहाटे तळ्यात मासे तरंगताना दिसतात त्यामागे अनेकदा हे कारण असतं. पवई तलावावरचा हिरवा गालिचा मात्र जलपर्णी, ती फुलं येणारी वनस्पती आहे. भूक दोघांचीही सांडपाण्याचीच.

हे खाता येतं का?

तुम्ही आधीपासून खाताच. गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे बुरशी आणि ट्रेबौक्सिया नावाचं हिरवं शैवाल यांची जोडी. चायना ग्रास म्हणजे जेलिडियम, ग्रॅसिलेरिया यांसारख्या लाल शैवालांतून काढलेलं अगार. हेच अगार १८८२ च्या सुमारास जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत पोहोचलं ते फॅनी हेसे यांच्या सुचवण्यावरून. त्या घरी त्याची जेली करत. तेव्हापासून जिवाणू अगारवरच वाढवले जातात. आइस्क्रीम आणि टूथपेस्टमध्येही लाल-तपकिरी शैवालांचे अर्क असतात.

सुशीभोवतीची नोरी हेही लाल शैवाल, आणि त्याचा भाऊबंद पावसाळ्यात कोकणच्या खडकांवर लाटांच्या माऱ्यात उगवतो. उरलेलं वर्ष तो कुठे असतो? शिंपल्यात. कॅथलीन ड्र्यू-बेकर या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९४९ मध्ये दाखवलं की या गटाची एक अवस्था बारीक धाग्यांच्या रूपात शिंपल्यांच्या आत वाढते. त्यावर जपानची आजची नोरीची शेती उभी राहिली, आणि तिथे आरिआके समुद्राकाठी त्यांचं स्मारक आहे.

मुंबईच्या खडकांवरचं मात्र तोंडात घालू नका. शैवालं पाण्यातले जड धातू अंगात साठवतात आणि इथल्या पाण्यात सांडपाणी मिसळतं.

फ्लेमिंगो शेवाळ खाऊन गुलाबी होतात?

हो, ठाण्याच्या खाडीत येणारे छोटे फ्लेमिंगो मुख्यतः नील-हरित जिवाणू आणि डायटम गाळून खातात. गुलाबी रंग त्या अन्नातल्या रंगद्रव्याचा.

नव्या समुद्री भिंतींवरही शेवाळ येतंच, मग नुकसान कसलं?

येतं, आणि पहिली येते ती उल्वाच. मोकळ्या दगडावर आधी सूक्ष्मजीवांचा थर, मग हिरवं, मग बार्नकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या जिवांची पांढरी टोकं, असा क्रम असतो. पण उभ्या भिंतीवर पाणी थांबत नाही. खडकावर जी डबकी, कपारी, दगडाखालची सावली असते, तीच बाकीच्यांची घरं. कोळणी पिढ्यान्‌पिढ्या ज्या खडकांवर कालवं काढत आल्या, तो खडक भरावाखाली गेला की वर उगवलेलं हिरवं पाहून भरपाई झाली असं म्हणता येणार नाही. रंग परत येतो, वस्ती येत नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि ते लपवावंसं वाटत नाही.

मुलांना एखादं शैवाल जपून ठेवायचंय. कसं करावं?

खडकावरून उपटू नका, लाटांनी वाहून आलेलं घ्या. घरी परातीत पाणी भरा, त्यात जाड पांढरा कागद बुडवा आणि वर शैवाल तरंगू द्या. काडीने फांद्या मोकळ्या करा, मग कागद तिरका धरून हळूच वर उचला. वर मलमलीचा तुकडा, खाली-वर वर्तमानपत्र, त्यावर जड पुस्तकं. वर्तमानपत्र रोज बदला. गोंद लागत नाही, बहुतेक शैवालं आपल्याच चिकट द्रवाने कागदाला धरून बसतात.

आणि कोपऱ्यात तारीख, जागा, ओहोटीची वेळ लिहायला विसरू नका. डॅनिश अभ्यासक बर्गेसन १९२७-२८ मध्ये भारतात आले होते, आणि १९३५ मध्ये त्यांनी मुंबईच्या समुद्री शैवालांची यादी प्रसिद्ध केली. तेव्हा इथे काय होतं हे आज सांगता येतं ते अशाच चिठ्ठ्या लावलेल्या कागदांमुळे. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा. शाई ओलाव्याने पसरते.